ठकूचं लुगडं

पिंपरीत कारखाना उभा राहत होता त्या साली थेरगावच्या देवळात बुवा म्हणाले, "बाईनं डोकं उघडं टाकलं की देव कोपतो." माझी लेक ठकू भोळी. पिठाच्या गिरणीतही डोक्यावर पदर घ्यायची. तोच पदर इंजिनाच्या पट्ट्यात ओढला गेला, अन् पोर गेली.

तेराव्याला बुवा म्हणाले, "पदर ढळला असंल."

माझं टाळकं सरकलं. म्हशीला लुगडं गुंडाळलं, शिंगांवरून पदर दिला अन् देवळापुढं उभी केली. "बुवा, आता गावाला भ्या न्हाई!"

माणसं पोट धरून हसली, बुवासुद्धा. मग म्हशीनं मान हलवली अन् पदराचं फाटकं टोक लोंबलं. लुगडं कुणाचं, ते सगळ्यांनी ओळखलं.

बुवा हळूच म्हणाले, "झाक ते, बाई."

"कशानं झाकू, बुवा?"