लिंबाला उत्तर देणारा ग्रंथ

वालीवला प्लास्टिकच्या बादल्या करणाऱ्या कारखान्याशेजारी एक गाळा बरेच दिवस रिकामा पडून होता. सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात तिथे ग्रंथीमहाराज येऊन बसले आणि बादल्यांपेक्षा त्यांचाच माल जास्त खपू लागला. रांग पार रस्त्यावर. विरारच्या फ्लॅटमधल्या बायका, वाडीवाले, पँटीची इस्त्री सांभाळत उभे असलेले नोकरदार. चर्चमधली रविवारची प्रार्थना, मिस्सा, आटोपून आलेली आमच्या ओळखीतली फ्लॉसीसुद्धा एकदा रांगेत दिसली, मला पाहून तिनं छत्री तोंडापुढे धरली.

महाराज कुणाला काही विचारत नसत. "जीभ खोटं बोलते, माउली. ग्रंथ खोटं बोलत नाही. विचारायचं ते मनात विचारा." दाराशी त्यांचा शिष्य जितेश ताट मांडून बसलेला असे. लग्नाची काळजी असेल तर सुपारी, नोकरीची असेल तर नारळ, जमिनीची असेल तर हळकुंड, दुखण्याची असेल तर लिंबू. आपापली वस्तू घ्यायची, महाराजांपुढच्या पाटावर ठेवायची आणि डोळे मिटायचे. महाराज लाल कापडातला जाडजूड ग्रंथ कपाळाला लावत, पाटावर उभा धरत आणि हात सोडत. ग्रंथ आपोआप उघडे, तोही नेमका तुमच्या दुःखाच्या पानावर. मग महाराज म्हणत, "चारशे वर्षांपूर्वी तुमचं हे लिहून ठेवलंय." चारशे वर्षांपूर्वी वसईत फिरंगी होते. त्यांच्या अमदानीत कुणी वालीवकरांच्या बदल्या-बढत्या लिहीत बसला असेल, तर तो फारच रिकामटेकडा असला पाहिजे.

मी हसून सोडून दिलं असतं. पण लिंबू घेऊन त्या रांगेत माझी सख्खी बहीण उभी राहून आली होती.

आशालताला आम्ही गिरीजला दिली. तिचे यजमान आत्मारामराव, केळीची आणि भाजीची वाडी. तिला छातीत गाठ लागली होती. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, याच महिन्यात काढून टाकू, थांबू नका. महाराजांचा ग्रंथ लिंबापुढे उघडला आणि म्हणाला की शनी वक्री आहे, तोवर अंगाला शस्त्र लागता कामा नये. झालं. बाईनं ऑपरेशन पुढे ढकललं. आत्मारामराव माझ्यापुढे हात जोडून म्हणाले, तुमचं ऐकेल ती, तुम्ही शिकलेले.

मी गिरीजला गेलो आणि चांगला तासभर बोललो. शनीला हिच्या गाठीशी काय देणंघेणं, इथपासून सुरुवात केली. ती पडवीत बसून पालेभाजीच्या जुड्या बांधत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "दादा, तुझ्याकडे कपाटभर ज्योतिषाची पुस्तकं आहेत. खोटं असतं, तर तुझ्यासारख्यानं ती इतकी जपली असती का?"

मी चपला घालून घरी आलो.

आता त्या कपाटाचं सांगतो. मी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात आयुष्य घालवलं. रद्दीवाल्यांकडून जुनी ज्योतिषाची पुस्तकं उचलायचा मला नाद. त्यातल्या एकाही अक्षरावर माझा विश्वास नाही. मला मजा वाटायची ती धंद्याची. माझ्याकडची सगळ्यांत जुनी पुस्तकं बघा, वर संस्कृत श्लोक, खाली बारीक टीका, किंमत काही आणे, आणि फळं कसली, तर राजयोग, गुप्तधन, जलप्रवास. स्वातंत्र्यानंतरच्या पुस्तकांत राजा गेला आणि कोर्टकचेरी आली, कूळ आणि सातबारा आला. सत्तरच्या आसपास पिवळट कागदावरची वार्षिक राशिभविष्यं निघाली, त्यांत नोकरी, बदली आणि सरकारी क्वार्टर. पाठीमागे वशीकरणाच्या अंगठीची जाहिरात, व्ही.पी.नं मागवा, पैसे पोस्टमनला द्या. आणि आता हे गुळगुळीत रंगीत कव्हरवाले, संगणकीय पत्रिका, रत्नं, फ्लॅटचं दार कुठल्या दिशेला, मुलाचा व्हिसा. ग्रह बिचारे जिथल्या तिथे फिरताहेत. गिऱ्हाईक बदललं की भविष्य बदलतं.

हे मला दिसत होतं. पण मी ते सांगितलं कुणाला? बोळिंजच्या आमच्या सोसायटीत कुणाचा साखरपुडा असो, कुणाची नवी स्कूटर असो, मंडळी माझ्याकडे यायची. मी चष्मा पुसायचो, एक जाडसं पुस्तक काढायचो, दोन पानं उलटायचो आणि एखादा सोयीचा वार सांगायचो. मनातल्या मनात हसायचो. माणसं वाकून नमस्कार करायची, तो मात्र मनापासून घ्यायचो. बायको, विनिता, कितीदा म्हणाली की हे बरं नव्हे. मी म्हणायचो, अगं, कुणाचं काय जातं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आशालता माहेरपणाला यायची तेव्हा हा सगळा तमाशा बघत चहाचे कप आणून द्यायची. कुणाचं काय जातं ते मला आता कळत होतं.

आशालताची लेक ऋतिका तेव्हा कॉलेजात होती. ती एका दुपारी तणतणत आमच्याकडे आली, कपाट उघडलं आणि पुस्तकं ओढून धडाधड जमिनीवर टाकू लागली. "मामा, आधी हे रद्दीत घाल. मग माझ्या आईला शिकवायला ये."

मी अडवलं नाही. अडवायला तोंड कुठे होतं? पुस्तकं पाठीवर पडत होती आणि पडली की फाकून उघडत होती. जरा वेळानं पोरगी थांबली. म्हणाली, "ही पिवळी सगळी नोकरीच्याच पानावर का उघडतायत?"

मी म्हटलं, अगं, ज्याचं पुस्तक होतं त्यानं तेच पान शंभरदा काढलं असेल. तिथे बांधणीचा कणा मोडतो. मग पुस्तक टाकलं की तिथेच... आणि वाक्य अर्ध्यावर सोडून मी एक पुस्तक उचलून पुन्हा टाकून बघितलं. माझ्याच कपाटात, माझ्याच डोळ्यांसमोर इतकी वर्षं महाराजांचा तो चमत्कार पडून होता.

विनितानं पाट्यावरचा वरवंटा आणून दिला. माझ्याकडे एका जाड पुस्तकाच्या दोन प्रती होत्या. त्यातली एक घेतली, चार ठिकाणी उघडली आणि प्रत्येक ठिकाणी वरवंटा दाबून फिरवला. लग्न, नोकरी, जमीन, आजार. आता चारांपैकी कुठलं पान उघडायचं? तर हात सोडण्याआधी अंगठ्यानं तिथली फट किंचित मोकळी करायची. बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. दोन दिवसांत माझा हात असा बसला की माझी मलाच लाज वाटली.

आशालता यायला तयार नव्हती. ग्रंथाची परीक्षा बघणं पाप, म्हणाली. मी म्हटलं, "परीक्षा नको बघूस. मनात गाठीचंच विचार. फक्त लिंबाऐवजी नारळ उचल. ग्रंथाला मन कळतं ना?" शेवटी ती ऋतिकाच्या तोंडाकडे बघून उठली.

गाळ्यात नेहमीसारखी गर्दी. आशालतानं नारळ ठेवला, डोळे मिटले. ग्रंथ उघडला. महाराज खणखणीत आवाजात सांगू लागले, वरिष्ठांचा कोप आहे, पूर्वेला बदली आहे, पण गुरूचं पाठबळ आहे, बढती चुकत नाही. जिनं जन्मात केळीच्या वाडीबाहेर काम केलं नाही, त्या माझ्या बहिणीनं डोळे उघडले. "महाराज, मी गाठीचं विचारलं होतं."

महाराज गडबडले नाहीत, कसलेला गडी. म्हणाले, "मग लिंबू घ्यायचं सोडून नारळ का घेतलात, माउली?"

"म्हणजे ग्रंथाला मन कळत नाही," मी म्हटलं, "नारळ कळतो."

जितेश माझा दंड धरायला धावला, पण रांगेतल्या दोघांनी त्यालाच धरला. मी पिशवीतून माझं पुस्तक काढलं आणि त्याच पाटावर उभं केलं. कुणी सुपारी ठेवली, लग्नाचं पान उघडलं. कुणी हळकुंड ठेवलं, जमिनीचं उघडलं. मग मोडलेला कणा सगळ्यांना दाखवला, अंगठा दाखवला. शेजारच्या कारखान्यातले कामगार दारात येऊन हसू लागले. महाराजांनी ग्रंथ काखोटीला मारला.

मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात रखमाबाई नावाची एक म्हातारी पुढे झाली, तिनं माझ्या पुस्तकापुढे लिंबू ठेवलं आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "बाबा, माज्या नातवाचं बगा. ताप उतरत नाय."

कुणी हसलं नाही. मी तिला उठवलं, लिंबू तिच्या मुठीत दिलं. म्हटलं, "आजी, हे पुस्तक मी वरवंट्यानं मोडलंय. यात काही नाही. नातवाला आजच दवाखान्यात न्या." ती लिंबू परत माझ्याचपुढे ठेवत होती. शेवटी ऋतिका तिला हाताला धरून बाहेर घेऊन गेली आणि रिक्षात बसवून दवाखान्यात सोडून आली.

आशालता हे सगळं भिंतीशी उभी राहून बघत होती. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "दादा, उद्या डॉक्टरांकडे जाऊ." मला हायसं वाटलं. त्या पुस्तकांना मी मनातल्या मनात हसायचो, हेही मी तिला सांगून टाकलं. मग चालता चालता ती म्हणाली, "तू मनात हसायचास ना, ते आम्हाला कधी दिसलं नाही रे. आम्हाला फक्त कपाट दिसायचं."

तिनं ते रागानं म्हटलं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

ऑपरेशन झालं. तोवर गाठ काखेपर्यंत पोचली होती. आधी आणलं असतं तर एवढं कापावं लागलं नसतं, डॉक्टर म्हणाले. माझी बहीण आज आहे, ती देवाची नव्हे, डॉक्टरांची कृपा. पण तिचा उजवा हात सुजतो, केळीचा घड आता उचलवत नाही. ती डाव्या हातानं मला चहा देते आणि मी तो खालमानेनं घेतो.

पुस्तकं मी टाकली नाहीत. कपाटाच्या काचेवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला आहे: यातलं एकही भविष्य खरं नाही. सोसायटीतली मंडळी अजून येतात. मी प्रत्येकाला पुस्तक हातात देतो आणि म्हणतो, टाका खाली, बघा कुठे उघडतं. आधीचा मालक कशाला घाबरत होता, तेवढं कळेल. तुमचं दुखणं त्यात छापलेलं नाही, ते डॉक्टरला दाखवा. आणि माझ्यासारखा कुणी शहाणा खोट्याला मनातल्या मनात हसत बसला असेल, तर बाबांनो, त्यानं तोंड उघडावं. मी उघडलं नाही, आणि वार माझ्या बहिणीनं सोसला.