गवत कापायचं मशीन

मेहुण्याचा फोन आला तेव्हा सासूबाई माझ्यासमोरच बसल्या होत्या, उजवं मनगट प्लास्टरमध्ये. त्याचा आवाज इतका चढला होता की त्यांनाही सगळं ऐकू जात होतं.

"दाजी, रविवारी दुपारी येतोय मी. मागचं अंगण साफ दिसलं तर ठीक, नाहीतर आईला घेऊन जाणार. त्या जंगलात ती परत पडायला नको."

त्याचं काही चुकत नव्हतं. बायको गेल्यापासून मी मागच्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. ते तिचं राज्य होतं. विळा घेऊन बसली की कोपरा न् कोपरा मोकळा करूनच उठायची. ती गेली आणि गवत गुडघ्याच्या वर आलं. कपडे वाळत घालायला सासूबाई त्यातूनच जायच्या. गवतातल्या विटेला अडखळल्या आणि मनगट मोडलं.

घरात आता आम्ही दोघंच, सासू आणि जावई. लेक राहिली नाही तर आई जावयाकडे कशी, असं लोक विचारतात. मी उत्तर देत नाही. संध्याकाळी कुलूप न काढता घरात शिरता येतं, आतून कोणीतरी "आलात का?" म्हणतं, एवढ्यावर माझा दिवस निभतो. हे मी त्यांना कधी बोललो नव्हतो. इथे राहायचं की मुलाकडे जायचं, तेही कधी विचारलं नव्हतं. नको ते उत्तर आलं असतं तर?

शनिवारी सकाळी मशीन आणायला निघालो, तर त्या चपला घालून दारात उभ्या.

"तुम्ही कशाला? हात दुखेल."

"तुम्हाला एकट्याला सोडलं तर दुकानदार विमान विकेल."

दुकानात गवत कापायची मशीनं भिंतीला ओळीने टांगलेली होती. विक्रेत्याने अंगण केवढं आहे ते विचारलं. मी सांगितल्यावर म्हणाला, "एवढ्या लांब वायर पुरायची नाही. पेट्रोलवरचंच घ्या." मग त्याने दोन मशीनं खाली काढली. एक मोठं, खांद्यावर पट्टा लावून धरायचं, खाली लोखंडी पातं. दुसरं लहान, हलकं, पात्याऐवजी गरागरा फिरणारी नायलॉनची दोरी.

"गवत किती वाढलंय?"

"गुडघ्याच्या वर. मधे मधे काटेरी झुडपं."

"मग हे मोठंच. अर्ध्या दिवसात मैदान. ओढून बघा."

मी स्टार्टरची दोरी ओढली. ती अर्धी बाहेर आली आणि हिसका देऊन परत गेली. माझा उजवा खांदा जुना दुखरा आहे. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुन्हा ओढली. मागे दोन गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली.

"जोर नको काका, झटका द्या," विक्रेता म्हणाला. त्याने स्वतः एका झटक्यात चालू करून दाखवलं. मी तिसऱ्यांदा ओढली. इंजिन नुसतं खोकलं.

"पुरे," सासूबाई म्हणाल्या. "त्यांचा खांदा धरतो. तुझ्याकडे झटका आहे, पण तू काही आमच्याकडे राहायला येणार नाहीस. ते लहान दे."

लहान मशीन दुसऱ्या ओढीला चालू झालं. मला हायसं वाटलं, पण विक्रेता मान हलवत होता.

"हे चालेल, पण वेळ घेईल. जाड देठांना दोरी तुटते. चार दिवस लागतील असं धरून चाला. घाईच्या कामाला हे नाही."

जे काम संपवेल ते मला चालू करता येत नव्हतं, आणि जे चालू करता येत होतं ते काम संपवणार नव्हतं. माझ्या हातात एक दिवस होता. मी सासूबाईंकडे पाहिलं. आणि लहान घेतलं.

पेट्रोलमध्ये तेल किती मिसळायचं ते विक्रेत्याने समजावलं. मग खालच्या प्लास्टिकच्या अर्धगोलावर बोट ठेवलं. "हा गार्ड काढायचा नाही. काढला की दोरी लांब निघते, काम भराभर होतं, म्हणून लोक काढतात. मग खडे गोळीसारखे उडतात."

शनिवारी अंधार पडेपर्यंत कापत होतो. देठांना दोरी गुंडाळायची, मशीन बंद करून सोडवायची, पुन्हा चालू करायचं. कपड्यांच्या तारेपर्यंत एक वाट झाली, बस. रविवारी उजाडताच पुन्हा लागलो. ऊन वर आलं तरी अर्ध्याहून जास्त अंगण तसंच उभं होतं. खांदा ठणकत होता. मेहुणा केव्हाही आला असता.

मी स्क्रू ड्रायव्हर आणला आणि गार्ड काढला.

खरंच भराभर व्हायला लागलं. दोरी दुप्पट लांब निघाली, इंजिन कण्हत होतं, पण गवत पट्ट्यापट्ट्याने आडवं पडत होतं. डोक्यात एकच विचार होता, होतंय, होतंय. घराच्या भिंतीलगत खडी पसरलेली होती, तिथवर कधी पोचलो ते कळलंच नाही.

खण्णकन आवाज झाला. स्वयंपाकघराची खिडकी फुटली होती. खिडकीच्या आत ओटा होता आणि ओट्याशी त्या होत्या.

मशीन टाकून धावलो. त्या ओट्याला एका हाताने धरून उभ्या होत्या. केसांत, खांद्यावर, प्लास्टरवर काचा. कानाच्या पाळीतून रक्ताची बारीक रेघ. आणि मागे दारात, हातात पिशवी तशीच धरून, मेहुणा.

"आई!"

"ओरडू नकोस. डोळे शाबूत आहेत."

मेहुण्याने मागच्या दारातून पडलेलं मशीन पाहिलं, बाजूला काढून ठेवलेला गार्ड पाहिला. "दाजी, अहो हे काय केलंत? तो खडा बोटभर इकडे लागला असता तर?"

मी म्हणालो, "तुझं बरोबर आहे. त्यांना घेऊन जा."

"ऐकलंस ना आई? चल, कपडे भरतो तुझे."

सासूबाई वळल्या. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "मी काय मशीन आहे का रे? हा म्हणतो नेतो, हे म्हणतात ने. कोणी मला विचारलंय?"

कपडे भरायला निघालेला मेहुणा जागीच थांबला.

"तुझ्याकडे मला काही कमी नाही," त्या मुलाला म्हणाल्या. "पण तुझी बायको मला पाण्याचा पेलाही उचलू देत नाही. सकाळी खुर्चीत बसवता, रात्री उठवता. इथे मी पडले, कारण मी चालत होते."

"आणि परत पडलीस तर?"

"पडेन. त्या भीतीने आत्तापासून बसून राहू?" मग माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही हो जावईबापू. मनापासून म्हणालात, ने म्हणून?"

"नाही."

"मग मनात काय आहे?"

"राहा," मी म्हणालो. "अंगण होवो न होवो. तुम्ही गेलात तर मला या घरात शिरवणार नाही."

त्यांनी मान डोलावली. मग एवढंच म्हणाल्या, "लेक गेली तिथून मलाही निघवत नाही."

मेहुण्याने पिशवी खाली ठेवली. त्याचा राग गेला नव्हता. त्याने आईला धरून स्टुलावर बसवलं, कानाला कापूस लावला आणि केसांतली एकेक काच वेचून बशीत टाकायला लागला. मी केरसुणी घेऊन जमीन झाडत होतो.

"पुढच्या महिन्यात येणार मी," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "न कळवता."

"ये."

"आणि आज त्या मशीनला हात लावायचा नाही. उरलेलं पुढच्या आठवड्यात, हळूहळू."

"बरं," मी म्हणालो. "जेवायला थांबतोस ना?"

त्याने आणखी एक काच बशीत टाकली. "आधी हे संपू दे," तो म्हणाला.