पहिले पंधरा दिवस

खण उघडून ती उभी राहिली आणि कशासाठी उघडला तेच तिला आठवेना. आत डोळ्यांत घालायचे थेंब ओळीने लावलेले. काउंटरपलीकडे दोन गिऱ्हाइकं ताटकळलेली. तिने हातातली चिठ्ठी पुन्हा वाचली. हवं होतं खोकल्याचं औषध, आणि ते पाठीमागच्या फळीवर होतं.

"आज गाडी कुठे अडली?" बिलाच्या टेबलावरून दादा हसत म्हणाला.

"कुठे नाही." तिने फळीवरून बाटली काढून गिऱ्हाइकापुढे ठेवली.

औषधांचं हे दुकान दोघं भावंडं एकोणीस वर्षं चालवत होती. फार्मासिस्ट ती. गोळ्यांबद्दल कुणी काही विचारलं की दादा नुसती मान तिच्याकडे वळवायचा. तिलाच गोळी सुरू झाली आहे, हे मात्र त्याला माहीत नव्हतं. वर्षभर तिला कसली तरी धास्ती लागून राहिली होती. कुणी दार जोरात लावलं तरी काळजाचा ठोका चुकायचा. डॉक्टरांनी दिली ती नैराश्यावरची गोळी. फक्त धाकट्या बहिणीला तिने सांगितलं, तर ती म्हणाली, "तुला कुठलं नैराश्य? तू तर नुसती घाबरतेस. मी नैराश्यावर घेते ती वेगळी आहे, घेतली की ढाराढूर झोप. तुला चुकीची तर नाही ना दिली?"

चुकीची नव्हती. नैराश्यावरच्या कितीतरी गोळ्या चिंतेवरही चालतात, हे तिने झोपेतही सांगितलं असतं. पण आज नववा दिवस होता आणि छाती पूर्वीपेक्षा जास्त धडधडत होती. ही धडधड दुखण्याची की औषधाची, ते तिला काही केल्या ठरवता येईना. घटकेत वाटे, बंद करून टाकावी. घटकेत वाटे, बंद केली तर आहे तोही आधार जाईल.

अकराच्या सुमारास शेजारच्या गाळ्यातले, किल्ल्या बनवणारे काका आले. त्यांनी गोळ्यांचं पाकीट काउंटरवर ठेवलं. सहा घरं फोडलेली, बाकीची तशीच.

"हिने कालपासून बंद केली, ताई. म्हणते, घाबरणं कमी करायला दिलीय का वाढवायला? बदलून दुसऱ्या जातीची देता का?"

तिने नाव वाचलं. ती स्वतः घेत होती तीच गोळी.

"अशी बदलून देता येत नाही, काका. यात प्रकार आहेत. ही मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन जास्त वेळ टिकवते. दुसऱ्या प्रकारची त्याच्या जोडीला आणखी एक रसायन वाढवते. एखादीने झोप येते. एखादीने मरगळ जाते, पण घाबऱ्या माणसाला ती कधी कधी आणखीच घाबरवते. कुणाला कुठली लागू पडेल, ते डॉक्टरांनी बघायचं."

"पण ही का वाढवते?"

"काहींना होतं तसं सुरुवातीला. रसायन लवकर वाढतं, मेंदूला त्याची सवय व्हायला वेळ लागतो. पहिले पंधरा दिवस जरा थांबून बघायचं…"

"कुलपात किल्ली घातली की फिरते का नाही, ते मला तिथल्या तिथे कळतं," काका म्हणाले. "तुमचं हे थांबून बघणं काही मला समजावता येणार नाही. तुम्हीच बोला तिच्याशी." आणि फोन लावून त्यांनी तिच्या हातात दिला.

ती फोन घेऊन फळ्यांमागे गेली.

"काकू, नक्की काय होतं?"

"कसं सांगू? अंगात कुणीतरी घाईत असल्यासारखं वाटतं. आणि घाई कसली ते कळत नाही."

ती भिंतीला टेकली. "हो. आणि सकाळी जास्त. हातातली वस्तू खाली ठेवावीशी वाटते, ठेवली की परत उचलावीशी."



"हे काही पुस्तकातलं नाही," काकू म्हणाल्या. "कितवा दिवस तुमचा?"

तिने काउंटरकडे पाहिलं. दादा कुणाशी तरी बोलत होता.

"नववा."

"म्हणजे माझ्या पुढे आहात. पुढे कमी होतं का?"

एकोणीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर तिच्या जिभेवर असायचं.

"माझं मला अजून माहीत नाही," ती म्हणाली. "बहुतेकांचं होतं, एवढं माहीत आहे. पण अशी मनाने बंद करू नका. आजच डॉक्टरांना फोन करा. ते डोस कमी करतील, नाहीतर दुसरी देतील. आणि जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटलं, तर क्षणभरही थांबू नका."

"नाही हो, तसं काही नाही." मग काकूंनी विचारलं, "तुम्ही केलात?"

"काय?"

"डॉक्टरांना फोन."

तिने औषधांच्या फळीवरची धूळ बोटाने पुसली.

"करते."

"मग आधी तुम्ही करा. मी लगेच करते."

काका फोन आणि पाकीट खिशात घालून गेले. दुकानात आणखी एक गिऱ्हाईक आलं होतं.

"एवढं काय कुजबुजत होतीस?" दादाने विचारलं.

बिलाच्या टेबलावरचा फोन तिने पुढे ओढला आणि दवाखान्याचा नंबर फिरवला. तो तिला तोंडपाठ होता.

"बोला ताई," पलीकडची मुलगी आवाज ओळखून म्हणाली. "आज कुठल्या पेशंटची चिठ्ठी वाचता येत नाहीये?"

"चिठ्ठीचं नाही," ती म्हणाली. "पेशंट मी आहे."

दादाने फाडायला घेतलेलं बिल तसंच धरून ठेवलं. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग उठून स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि गिऱ्हाइकाला म्हणाला,

"जरा थांबावं लागेल."