वीतभर उचल, मग थांब

मित्रांनो, वर छताकडे बघू नका. मी आता तिथे लटकत नाही. लोखंडी नळ्यांच्या कारखान्यातल्या क्रेनचा जुना बटणांचा डबा मी. जाड काळ्या वायरच्या टोकाला बावीस वर्षं लोंबलो. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी माझी चार बटणं, आणि मधोमध लाल. ते दाबलं की ओझं थांबायचं.

मला हातात धरून क्रेन चालवणारी आक्का ओझ्यामागे दिवसभर चालायची. पाहुणे आले की मोठे साहेब आमच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "आमचा कणा!" पाहुणे गेले की कण्याला तेल कोण घालणार? माझ्या आतले पत्रे झिजले, आक्काच्या गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या. डॉक्टरांनी सांगितलं, "आता चालायचं काम बंद." कचेरीत तिला घरी बसवायचं पत्र तयारसुद्धा झालं होतं. आयुष्य झिजवलेल्या बाईला एका कागदावर वाटेला लावायला यांचे हात जराही कापत नाहीत!

तेवढ्यात कारखान्यात ते वेगवान बिनतारी जाळं आलं. म्हणे, त्यावर बंदरातली यंत्रं दुरून हलतात आणि शंभर कोसांवरचा डॉक्टर इथल्या रुग्णाचं हृदय बघतो. आमच्याकडे त्यामुळे झालं एवढंच, की आक्काला काचेच्या खोलीत खुर्ची मिळाली. समोर कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा पडदा, हातात क्रेन हलवणारी दांडी. माझी जोडणी तोडली; मी नुसताच लटकत राहिलो. खोटं कशाला बोलू? मला मत्सर वाटला. मग तिने पाय सरळ करून टेकवलेले दिसले, आणि मत्सर विरघळला.

पण अट होती. आठवडाभरात दीडपट माल हलवला नाही, तर खुर्चीवर दुसरा कोणीतरी बसणार.

आक्काची एक खोड होती. कुठलंही ओझं वीतभर उचलायचं, थांबायचं, तीन आकडे मोजायचे, मगच वर न्यायचं. खुर्चीत बसूनही तिने ती सोडली नाही. साहेब वैतागले.

"आक्का, आता कशाला थांबता? हे काही तुमचं जुनं खटारं नाही. दाबताक्षणी ऐकतं!"

"खटारं ते असेल साहेब. खाली पाय मात्र नानांचेच आहेत."

नाना म्हणजे साखळ्या अडकवणारे. खालून ओरडले, "माझ्या पायांची एवढी काळजी माझ्या बायकोलाही नाही हो, आक्का!"

"तिला तुम्ही घरी तरी कधी दिसता?"

सगळे हसले. साहेब तेवढे हसले नाहीत. घड्याळाकडे बघत म्हणाले, "शनिवारपर्यंत बघतो."

शुक्रवारी दुपारी नळ्यांचा मोठा गठ्ठा आला. घाईघाईत नानांची एक साखळी गठ्ठ्याखालून जायच्याऐवजी नुसत्या बांधपट्टीत अडकली. तीही पलीकडच्या बाजूला, कॅमेऱ्याला न दिसणारी. मला लटकल्या जागेवरून दिसत होतं, पण माझा आवाज कोणाला ऐकू जाणार?

आक्काने वीतभर उचललं. थांबली. एक, दोन... पट्टी तडकली. गठ्ठा नानांच्या बाजूला कलला आणि त्या ओढीने थांबलेली क्रेनही तिकडे सरकू लागली. तिचा अंगठा दांडीवरच्या लाल बटणावर पडला आणि क्रेन जागच्या जागी गोठली. नळ्या जमिनीवर टेकल्या. नानांच्या बुटापासून चार बोटांवर.

नाना तिथेच मटकन खाली बसले. साहेब धावत आले. आक्का काचेआडून एवढंच म्हणाली, "नाना, उठा. साखळी खालून घ्या."

मित्रांनो, तिच्या हातात मी असतो तर माझे झिजलेले पत्रे क्षणभर उशिरा सुटले असते, आणि तेवढ्यात चार बोटं संपली असती. वाचवलं त्या जाळ्याच्या वेगाने. आणि त्याआधी, बाईच्या थांबण्याने.

शनिवारी माल दीडपट झाला नव्हता. साहेबांनी तरीही खुर्ची हलवली नाही. मला मात्र भंगारात टाकायला काढलं, तेव्हा आक्का लंगडत खाली आली. "हा माझा आहे," म्हणाली, आणि तिने मला काचेच्या खोलीतल्या खिळ्याला टांगलं. आता नवं माणूस शिकायला आलं, की ती आधी माझं लाल बटण त्याला दाबायला लावते. मगच दांडीला हात.

तेव्हा मित्रांनो, वेग आणा, खुशाल आणा. झिजलेल्या माणसाला त्याने खुर्ची मिळत असेल, तर जरूर आणा. पण ओझ्याखाली कोणाचा तरी पाय असतो. वीतभर उचला, आणि तीन मोजा.