सान तेल्मोचा खांब

“उंच आहे, कबूल,” मी म्हणालो. “पण माडही उंच असतो, सर. त्याला कुणी खेळायला घेतं का?”

वेन्सेस सर शिट्टीची दोरी चावत होते. त्यांच्या पायाशी, कोर्टाच्या मधोमध, सहा फूट आठ इंचांचा एक गडी आडवा पडला होता आणि आमची पोरं टॉवेलने त्याच्या तोंडावर वारा घालत होती. जेमतेम तीन फेऱ्या पळून तो कोसळला होता. एवढ्या उंचीवरून खाली यायला त्याला इतका वेळ लागला, की तो जमिनीला टेकेपर्यंत माझी सिगरेट पेटवून झाली होती. शुद्धीवर आल्या आल्या त्याने विचारलं, “जेवण कधी आहे?”

“मानोंग लुदो,” सर मला म्हणाले, “याला धक्क्यावर सोडून या. आणि येताना काही बोलू नका.”

मानोंग म्हणजे आमच्याकडे दादा; मी संघाची जीपनी चालवतो. गाडी मुकाट चालवण्याचे मला कुणी पैसे दिलेले नाहीत, पण त्या दिवशी गप्प राहिलो. आठवड्यातला हा चौथा होता. पहिल्याला चेंडूची भीती वाटायची. दुसऱ्याने करारात फ्रीज मागितला, आणि तो सासूच्या घरी पोहोचवायची हमी. तिसरा खरंच बरा खेळला; पण दुपारच्या बोटीने त्याची बायको आली आणि कान धरून त्याला घेऊन गेली. त्याच्या कानापर्यंत तिचा हात कसा पोहोचला, देव जाणे. बहुधा शिडी घेऊनच आली असावी.

आमचा संघ म्हणजे सान तेल्मोचे चिंबोरे. बेटांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला सगळ्यात नवा आणि सगळ्यात कोवळा संघ. पोरं वीस-बावीसची. पळायला लागली की वारा मागे पडतो. पण रिंगखाली पाय रोवून उभा राहील, चार धक्के खाईल आणि पोरांना ओरडून सांगेल की बाबांनो, इकडे वळा, तिकडे वळा, असा सेंटर नव्हता. वरातीत सगळे नाचणारे, नवरदेव कुणीच नाही. शनिवारी संध्याकाळी खेळाडूंची नोंदणी बंद होणार होती. तोवर कुठल्या संघाशी बांधलेला नसलेला, मोकळा सेंटर मिळाला तर ठीक. नाहीतर मॅनेजर असलेल्या वेन्सेस सरांना घरी बसायचं होतं. मालकीणबाईंनी तसं स्वच्छ सांगितलं होतं.

मालकीणबाई म्हणजे मॅडम फेलिसितास बायलोन. बर्फाचा कारखाना त्यांचा, मासळीचे पिंजरे त्यांचे आणि कोर्टाची फरशीसुद्धा त्यांच्या दिवंगत नवऱ्याची, तो मेयर असताना ओतलेली. त्यांची अट एकच. “सांता रुफिनाच्या संघात सहा-सातचा माणूस आहे. मला त्याच्याकडे वरून बघणारा हवा. सहा-आठच्या खाली मी सही करणार नाही. आणि मोजायचं आपल्या खांबावर.”

आता हा खांब सांगायलाच हवा.

आमच्या कोर्टाच्या छपराला सहा खांब आहेत. त्यातल्या दाराजवळच्या खांबावर, कोर्ट बांधलं त्या वर्षी, कुणीतरी रंगाने फूट-इंचांच्या खुणा केल्या. गावात पोर उभं राहायला लागलं की आधी पाद्रीबाबाकडे नेतात, मग खांबाकडे. आता आमच्याकडे निवडणूक आली की उमेदवार कोर्टावर सिमेंटचा नवा थर ओततो आणि खांबाच्या बुडाला आपलं नाव रंगवतो. फरशी वर वर येत गेली, खालच्या खुणा नावांखाली गेल्या, वरच्या खुणा मात्र होत्या तिथेच राहिल्या. त्यामुळे सान तेल्मोची माणसं निवडणुकीनिवडणुकीला उंच होतात. परगावात म्हातारपणी माणूस आखडतो. वेन्सेस सर विसाव्या वर्षी खांबावर सहा-चार होते, आणि साठाव्या वर्षी सहा-पाच.

रिंगचे लोखंडी दांडे मात्र जुन्या पायातच रोवलेले. फरशी वर आली, रिंग वर गेली नाही. म्हणून घरच्या सरावात आमची पोरं रिंगला माकडासारखी लटकतात, आणि परगावच्या मॅचला गेली की प्रत्येक चेंडू रिंगच्या ओठाला लागून परत. येताना जीपनीत स्मशानशांतता. कुणी म्हणतं कोच वाईट, कुणी म्हणतं दृष्ट लागली. फरशी चार इंच वर आहे, असं एकच माणूस सांगत होता, आणि त्याला कुणी विचारत नव्हतं.

कारण वेन्सेस सरांचं आयुष्यच त्या खांबाने खाल्लं होतं. विसाव्या वर्षी ते सहा-चारचे सेंटर म्हणून मनिलाला गेले. गावाने बँड लावून बोटीवर बसवलं. तिथल्या माणसाने बूट काढायला सांगून मोजलं, सहा-दोन म्हणाला आणि पुढच्याला हाक मारली. सर परत आले ते शाळेत कवायतीचे मास्तर झाले. तेव्हापासून दर सभेत उठून सांगायचे, “खांब खोटा आहे.” आणि दर वेळी कुणीतरी मागून ओरडायचं, “मनिलाचं पाणी बाधलं हो सरांना! बोटीत आटले!” सर खाली बसायचे आणि शिट्टीची दोरी चावायचे. माझ्या देखत किती दोऱ्या चावून संपवल्या असतील, एकीला एक बांधल्या तर मनिलापर्यंत पोहोचल्या असत्या.

शनिवारी सकाळच्या बोटीने पाचवा आला. क्रिसांतो माबानाग. वय छत्तीस. इतके संघ फिरलेला की त्याच्या पिशवीला सगळ्या बेटांचा वास होता. काखेत गुंडाळलेली चटई, कारण कुठल्याच पलंगावर तो मावायचा नाही. मागच्या संघाने करार संपल्यावर त्याला सोडलं होतं. सरांनी त्याला फोनवर एवढंच सांगितलं होतं, “उंची विचारत नाही. पोरांशी बोलणारा माणूस हवा.”

कोर्टावर आला तेव्हा त्याचे गुडघे मला जीपनीतून ऐकू आले.

आमचा निलो चेंडू नाचवत पुढे आला. संघातला सगळ्यात चपळ आणि सगळ्यात वाह्यात. “काय आजोबा, गुडघ्यांना तेल घातलंय ना?”

“घातलंय,” क्रिसांतो बूट बांधत म्हणाला. “थोडं उरलंय. तुझ्या डोक्यात घालू?”

पोरं हसली आणि खेळ सुरू झाला. मी पुष्कळ खेळ पाहिलेत. पण एक माणूस फक्त उभा राहतो आणि बाकीचे नऊ शहाणे होतात, हे त्या सकाळी पाहिलं. त्याचं तोंड एक क्षण बंद नव्हतं. “डावीकडे बघ! मागून येतोय तो! निलो, माझ्या खांद्याला घासून जा, मी आहे इथे, तू जा!” निलो त्याच्या खांद्याला घासून गेला आणि अंगावरचा माणूस क्रिसांतोवर आपटून तिथेच राहिला. समोर कुणीच नाही, असं निलोने जन्मात पहिल्यांदा पाहिलं. बिचारा इतका गोंधळला की चेंडू टाकायलाच विसरला.

“काय रे, जागा आवडली नाही? दुसरी देऊ?” क्रिसांतो ओरडला.

सरांच्या तोंडातून दोरी गळून पडली. ते माझ्याकडे वळले. “मानोंग, हाच,” म्हणाले. एवढंच. पण मी तो चेहरा ओळखला. बँड लावून बोटीवर बसवलं होतं, त्या दिवशीचा होता.

तेवढ्यात क्रिसांतोने रिंगखाली चेंडू उचलला, सहज उडी मारली आणि दोन्ही हातांनी रिंग धरली. खाली उतरला तेव्हा लहान पोरासारखा हसत होता. “लागली!” म्हणाला. “गुडघे गेले तेव्हापासून लागली नव्हती!” पुन्हा उडी मारली. पुन्हा लागली. या वेळी उतरल्यावर तो हसला नाही. रिंगकडे पाहिलं, मग पायाखाली पाहिलं. हळूहळू चालत सरांजवळ आला.

“सर, ही फरशी वर आहे.”

“चार इंच,” सर म्हणाले.

“माझे गुडघे काही बरे झालेले नाहीत तर.”

“नाही.” सरांनी त्याचा दंड धरला. “हे बघ, आता मॅडम येतील, खांबावर मोजतील. तू नुसता उभा राहा. आकडा दिसेल, सही होईल. मग ही पोरं तुझी. बाकीचं मी निस्तरतो.”

“दोन संघांनी असंच लिहिलं होतं,” क्रिसांतो म्हणाला. “आकडा ते लिहितात. लीग मोजते तेव्हा चोर मी ठरतो. बायको-पोरांसकट दोनदा बोटीवर चढलोय, सर. माझी मुलगी विचारते, बाबा, तुम्ही काय चोरलंत?”

“आजचा एकच दिवस,” सर म्हणाले.

दुपारी मॅडम छत्री घेऊन आल्या आणि मागोमाग अर्धं गाव. क्रिसांतो बूट काढून खांबाला पाठ लावून उभा राहिला. न्हावी स्टुलावर चढला, डोक्यावर पट्टी आडवी धरली आणि ओरडला, “सहा-नऊ!”

छप्पर उडायचं राहिलं. मॅडमनी पिशवीतून पेन काढलं. “सांता रुफिनावाल्यांना आता मान वर करून बघू दे. काय हो, एवढे उंच तुम्ही, मग आधीच्या संघाने सोडलं कसं?”

“मॅडम,” क्रिसांतो म्हणाला, “मी सहा-पाच आहे. तुमची फरशी चार इंच वर आहे.”

मग मी पाहिलं, सगळं गाव मनातल्या मनात वजाबाकी करत होतं. न्हावी स्टुलावरून उतरेचना. माझी बायको माझ्याकडे अशी बघत होती, जणू लग्नाच्या वेळी फसवली गेली होती. मी हळूच टाचा उचलल्या.

“म्हणजे माझ्या नवऱ्याने गावाला खोटं ओतून दिलं?” मॅडमचा आवाज चढला नाही, तेच वाईट. “वेन्सेस सर, तुम्ही मास्तर. तुम्ही सांगा. खांब खरा असेल तर हा माणूस सहा-नऊ आहे, मी आत्ता सही करते. खोटा असेल तर याला बोटीवर बसवा. आणि उद्यापासून तुम्हीही येऊ नका.”

सरांनी पोरांकडे पाहिलं. पोरं रांगेत उभी होती, निलो सगळ्यात पुढे, आणि तो मान हलवून ‘हो म्हणा’ असं विनवत होता. जन्मभर जे कुणी विचारलं नव्हतं, ते आज सगळ्या गावासमोर विचारलं होतं. मला वाटलं, आता बोलतील. दोरी शोधायला त्यांचा हात गळ्याशी गेला.

“खांब खरा आहे,” सर म्हणाले.

गावाने टाळ्या वाजवल्या. आपापले चार इंच परत मिळाल्यावर कोण वाजवणार नाही? मीही वाजवल्या.

क्रिसांतोने शांतपणे बूट घातले, चटई काखेत मारली. “मॅडम,” म्हणाला, “मग सेंटर म्हणून खांबच घ्या. उंच आहे, जागा सोडत नाही, जेवायला मागत नाही.” लोक हसले. सरांजवळून जाताना तो थांबला आणि फक्त त्यांना ऐकू जाईल असं बोलला. मी जवळ होतो म्हणून ऐकलं. “तुम्ही उंची विचारली नव्हतीत, सर. म्हणून आलो होतो.”

“क्रिसांतो, ऐक—” सर म्हणाले. पण त्याने पाठ फिरवली होती, आणि त्याची एक ढांग म्हणजे आमच्या तीन.

त्याला धक्क्यावर सोडायला मीच गेलो. वाटेत माझ्या पुष्कळ गोष्टी सांगून झाल्या, तो एकदाही हसला नाही. उतरताना म्हणाला, “त्या निलोला सांगा, बाहेरगावी चेंडू चार बोटं वर टाक. हात चांगला आहे पोराचा.”

धक्क्यावरच्या खानावळीत एक ओळखीचा माणूस बाचोय सुपाचा वाडगा पीत बसला होता. कालचा आमचा कोसळलेला माड! जेवणाच्या नादात त्याच्या सगळ्या बोटी चुकल्या होत्या. तेवढ्यात मॅडमचा फोन आला. नोंदणी बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता, तो सहा-आठवाला कुठे सापडतो का बघा. मी त्याला उठवला. तो उठला आणि बोटीकडे निघालेल्या क्रिसांतोच्या शेजारी क्षणभर उभा राहिला. क्रिसांतो चांगला इंचभर उंच होता.

हे मी कुणाला सांगितलं नाही. मी सांगितलेलं कुणाला खरं वाटतं?

रविवारी प्रार्थनेनंतर जीपनी काढायला कोर्टावर गेलो तर छिन्नीचा आवाज. दाराजवळच्या खांबाच्या बुडाशी सर गुडघ्यांवर बसले होते. मेयरांनी ओतलेला थर फुटून बाजूला पडला होता, त्याच्याखालचा आणखी कुणाचा, त्याच्याखालचा आणखी. तळाशी हातभर लांबी-रुंदीची लाल फरशी दिसत होती, मेण घासलेली, आम्ही लहानपणी जिच्यावर घसरायचो ती. ती अजून तिथे होती, हे मी विसरूनच गेलो होतो.

सरांनी चपला काढल्या, त्या खड्ड्यात उतरले आणि खांबाला पाठ लावली. घोटे फरशीत बुडाले. तळहात डोक्यावर आडवा धरून म्हणाले, “बघा हो, मानोंग.”

“सहा-एक,” मी म्हणालो. मला खोटं बोलायला जागाच नव्हती.

“बरोबर,” सर म्हणाले. “एक इंच वयाने नेला. मनिलाचा माणूस चुकला नव्हता.”

आमच्या मागे पोरं सरावाला आली होती. नवा सेंटर दारात बसून पाव खात होता. सर खड्ड्यातून बाहेर आले, कुणाकडे न बघता छिन्नी पुसत उभे राहिले. काल जे बोलले ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

निलो पुढे आला. गावभर स्वतःला सहा फूट म्हणवून घेणारा निलो. त्याने चेंडू माझ्या हातात दिला, बूट काढले, मोजे काढले आणि लाल फरशीवर उतरला. सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“पाच-आठ.”

निलो बाजूला झाला, आणि त्याच्या मागचा पोरगा नाडी सोडायला खाली वाकला.