मडमेचा भाता

मार्गशीर्षातली सकाळ होती. उसाला तुरे आले होते. वाऱ्याची झुळूक आली की सगळं शिवार पांढरं हलायचं, झुळूक गेली की सगळं शिवार पांढरं थांबायचं. गुऱ्हाळाचा धूर नदीवर उतरून पाण्याबरोबर सावकाश चालला होता. ऊन कोवळं होतं, ताज्या गुळाच्या रंगाचं.

घाटावरच्या जांभळीवर कावळे होते. शंभर तरी. काळे, तकतकीत, पोट भरलेले.

आणि खाली पत्रावळीवर आनसाचा पिंड होता.

दहावा दिवस. भाताचा पिंड, त्यावर काळे तीळ, शेजारी तिच्या आवडीचा बेसनाचा लाडू आणि चिमूटभर मिश्री. कावळा शिवला की बाई सुखानं गेली. नाही शिवला, तर तिच्या मनात काहीतरी राहिलं. तास झाला. एक कावळा उतरेना.

मग अशा वेळी होतं तेच सुरू झालं. ज्यानं त्यानं पुढं व्हायचं, झाडाकडं बघून हात जोडायचे, आणि गेलेल्या माणसाला शब्द द्यायचा.

आनसाचा भाऊ दगडू पुढं झाला. "अक्का, तुझ्या लेकीचं माहेर तुटू देनार न्हाई."

कावळा पंख खाजवत राहिला.

दगडूची बायको पुढं झाली. "वन्सं, तुमची म्हस आमी नेनार न्हाई." पदर सावरला, घसा खाकरला. "तांब्याचा हंडा नेलाय, त्यो बी परत देते."

आनसाच्या नवऱ्यानं, केरबानं, मान वर केली. हंडा गेल्याचं त्याला माहीतच नव्हतं. कावळ्यांना मात्र हंड्याचं काही वाटलं नाही.

"दाजी," दगडू म्हणाला, "आता तुमीच बोला. तिला काय खुपत हुतं ते गावाला ठावं हाय. गाडी सोडतो म्हना."

गाडी वाड्यावरच्या सरकारांची. जर्मनीची, मोठ्या लढाईच्या आधीची, थोरल्या सरकारांनी बोटीनं आणलेली. रुपेरी, लांबनाकी, डोक्यावर छप्पर नसलेली. दिवे परातीएवढे, चाकं तारांची, बॉनेटच्या कुशीतून तीन जाड नळ्या बाहेर आलेल्या. अर्धी गाडी नाक, उरलेली अर्धी मिजास. बसायच्या जागा दोनच. एक हाकणाऱ्याची, एक सरकारांची.

केरबा लोहाराचा पोर. चाळीस वर्षं ती गाडी त्याच्या हाताखाली होती. तिच्या इंजिनात वारा कोंबणारा एक पंप होता. शहरातले लोक त्याला सुपरचार्जर म्हणत, केरबा भाता म्हणायचा. पॅडल पार फळीला टेकवलं की भाता जागा होतो, विस्तवात वारा भरतो, आणि गाडी ओरडते म्हणे. म्हणे, कारण थोरल्या सरकारांचा हुकूम होता: भाता मालकानंच लावायचा. थोरले सरकार गेले. त्यांच्या लेकानं, धाकट्या सरकारांनी, तो कधी लावला नाही. केरबानं चाळीस वर्षं तो भाता खोलला, पुसला, तेल पाजलं, परत बसवला. आवाज एकदाही ऐकला नाही.

आनसा गाडीला मडम म्हणायची. "मडमेची अंघोळ झाली असंल तर भाकरी खावा." "मडमेच्या डोळ्यांतलं काजळ पुसलं का?" गावानं ऐकलं, आणि बाईचा गाडीवर दात आहे असं गावानं ठरवून टाकलं. केरबालाही तसंच वाटायचं.

त्यानं हात जोडले. नुकत्याच तासलेल्या डोक्याला वारा झोंबत होता. "आनसे, सोडली गाडी," तो म्हणाला. "परत हात लावनार न्हाई."

एवढं बोलणं त्याला फार जड गेलं. दहा दिवसांत दुसऱ्यांदा घर रिकामं झाल्यासारखं वाटलं.

वरच्या कावळ्यानं पाठ फिरवली, शेपूट वर केली, आणि जे टाकलं ते दगडूच्या खांद्यावर पडलं.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. अकराला त्यांचा पलीकडच्या गावात दुसरा दहावा होता. त्यांनी झोळीतून दर्भ काढला आणि त्याचा कावळा वळायला घेतला. खरा येईना की गवताचा शिववायचा. शास्त्राला चालतं. माणसं घरी जातात.

केरबा त्या गवताकडं बघत राहिला. माणसं घरी जातील. आनसा मात्र तशीच जाईल, उपाशी, काहीतरी मागत मागत. आणि काय मागत होती ते या जन्मात कळायचं नाही.

गुरुजींची बोटं गवत ओढत होती, सोडत होती. ओढत होती, सोडत होती.

आणि त्याला आनसाचे हात दिसले. नवी नवरी, त्याच्या बापाच्या भट्टीवर भाता ओढणारी. कपाळावर घाम, घामात विस्तवाचा उजेड. हातोडा त्याचा, वारा तिचा. घाव त्याचा, दम तिचा. आणि मग याच दिवाळीतली आनसा, अंथरुणातली, पापडासारखी हलकी. "अवो, त्या मडमेचा भाता वाजतो तरी कसा? मीबी भाता ओढलाय. एकदा ऐकू द्या मला. कुनाचा दम मोठा ते मी सांगते."

तो हसला होता. हसून गाडीचे दिवे पुसायला गेला होता.

"थांबा," केरबा म्हणाला. "गुरुजी, चोच करू नका."

धाकटे सरकार आता ऐंशीचे, कानटोपी घालून वाड्याच्या ओसरीवर ऊन खात बसलेले. सुतकातला माणूस म्हणून केरबा फाटकाबाहेरच थांबला आणि तिथूनच सगळं ओरडून सांगितलं. सरकार बहिरे होते, म्हणून ते अर्ध्या गावाला कळलं.

सरकारांनी कानटोपी वर सरकवली.

"केरबा, खरं सांगू? वडील गेल्यावर मी एकदा पाय फळीपर्यंत नेला होता. भीती वाटली. काढून घेतला." त्यांनी कानटोपी नीट केली. "माझी जागा तिला दे. जा."

गाडी घाटावर आली तेव्हा गुरुजी पत्रावळीच्या आडवे उभे राहिले. "अहो, मोटारीत पिंड? शास्त्रात नाही हे!"

"शास्त्र लिवलं तवा मोटारच न्हवती, गुरुजी," खांदा पुसत दगडू म्हणाला.

केरबानं उपरणं घडी करून सरकारांच्या जागेवर ठेवलं, त्यावर पत्रावळ ठेवली. "नीट बस गं," तो हळूच म्हणाला.

घाटापासून पुलापर्यंत सरळ सडक, दोन्ही अंगांना ऊस. पुलावर जाऊन त्यानं गाडी वळवली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. पाय खाली. अजून खाली. पाय पार फळीला.

आधी एक शीळ झाली, बारीक, सुईच्या नेढ्यातून यावी तशी. मग त्या शिळेचा वारा झाला, वाऱ्याचं वादळ झालं, वादळाचा हत्ती झाला. ती रौप्यनासिका, अग्निगर्भा, वायुभक्षिणी मडम चाळीस वर्षं कोंडलेला श्वास एका दमात सोडत ओरडली!

उसाचे तुरे आडवे झाले. म्हशीनं दावं तोडलं. जांभळीवरचे शंभरच्या शंभर कावळे आभाळात गेले, आणि गुरुजींच्या हातातला अर्धा कावळाही उडून नदीत पडला. तिकडं ओसरीवर सरकार ताडकन उभे राहिले. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यांना काहीतरी स्पष्ट ऐकू आलं होतं.

केरबा हसत होता, रडत होता. वारा डोळ्यांतलं पाणी कानांमागं नेत होता. शेजारी पत्रावळीवर तीळ नाचत होते. "ऐकलंस?" तो ओरडत होता. "ऐकलंस का गं, आनसे? पर तुजाच मोठा! दम तुजाच मोठा!"

घाटाजवळ गाडीला दोनदा ढास लागली आणि ती गपगार झाली.

जांभळी रिकामी. आभाळ रिकामं.

"गेलं," दगडूची बायको म्हणाली. "हुतं ते बी गेलं."

तापलेलं लोखंड कुठंतरी टिकटिकत होतं.

मग उसातून एक कावळी आली. एकटीच, एक पंख जरा वाकडा. येऊन बॉनेटवर बसली. बॉनेट तव्यासारखं तापलेलं. एक पाय उचल, दुसरा टेक, दुसरा उचल, पहिला टेक, असं पुटपुटत, चरफडत ती लांबच्या लांब नाक तुडवून आली, काचेवरून उडी मारली, आणि सरकारांच्या जागेवर उतरली. केरबाकडं तिनं तिरकं बघितलं. मिश्री पायानं उडवली. आणि पिंडाला चोच लावली.

"शिवला," गुरुजी म्हणाले. गावानं हात जोडले.

पण कावळी उडेना. ती सावकाश लाडू खात बसली, घर सगळं आवरून झाल्यावर बाई बसते तशी.

केरबा उतरला नाही. इंजिन बंद पडलं होतं, आणि लागलं असतं तरी त्यानं लावलं नसतं. दगडूनं मागून हात लावला. त्याच्या बायकोनं लावला. अकराचा दहावा विसरून गुरुजींनीही लावला. कावळी उडू नये म्हणून कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि पांढऱ्या तुऱ्यांच्या मधून, गुळाच्या रंगाच्या उन्हातून, रुपेरी गाडी पावलापावलानं गावाकडं निघाली. दोनच जागांची गाडी. दोन्ही भरलेल्या.