अठ्ठावीस लिहिलेलं सगळं अठ्ठावीस नसतं

मित्रांनो, घरातल्या मोठ्या बाईला न विचारता तिच्या पायात दुसऱ्याची चप्पल कोंबायची, आणि वर तिचाच पाय वाकडा म्हणायचं, ही कुठली रीत? आमचा गणराज माझ्याशी तसंच वागला. मी एक जुनी काळी सायकल आहे. माझी चाकं अठ्ठावीस इंची. काळेवाडीतल्या एका इमारतीच्या जिन्याखाली मी उभी असते. शाळा मी फाटकाबाहेरूनच पाहिली, गणराजला सोडायला जायची तेव्हा. पण माप मला कळतं.

माझे भाग पंजाबातून खोक्यांत आले आणि पिंपरी कॅम्पातल्या दुकानात मला जोडलं. ज्योतीराम मला घ्यायला आला, तेव्हा दुकानदाराने त्याला आधी माझ्याशेजारी उभं केलं. दांडी कुठवर येते, पाय जमिनीला टेकतो का, ते पाहिलं. "वीस इंची फ्रेम तुम्हाला आखूड पडेल, बावीसचीच न्या," म्हणाला. फ्रेम माणसाच्या मापाची, रिम फ्रेमच्या मापाची आणि टायर रिमच्या मापाचा, असं ते नातं असतं. त्यात मधलं एक जरी परकं आलं, की घर मोडतं.

ज्योतीराम धाराशिवकडून आलेला. चिंचवडला कारखान्यात नोकरी आणि काळेवाडीत पत्र्याची खोली. तेव्हा इथे चाळी कमी आणि ऊस जास्त होता. पहाटे तो डबा हँडलला अडकवायचा आणि पवनेचा पूल ओलांडला, की चहूबाजूंनी सायकलीच सायकली यायच्या. भोंगा झाला की आमची नदीच वाहायची म्हणा ना. कारखान्याच्या स्टँडवर आम्ही ओळीने उभ्या राहायचो. सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या, पण ज्योतीराम अंधारातही मला ओळखायचा. हात ठेवला की कळायचं त्याला.

रविवारी मी सगळं घर अंगावर घ्यायची. मागे कॅरिअरवर कौशल्याबाई, त्याची बायको, एका बाजूला पाय सोडून. पुढे दांडीवरच्या छोट्या सीटवर त्यांचा मुलगा गणराज. माझी घंटी त्याच्याच ताब्यात. रस्त्यात कुत्रं नसलं तरी वाजवायचा. कौशल्याबाई मागून म्हणायची, "गणा, घंटी झिजंल रं." तो आणखी वाजवायचा.

खंडेनवमीला माझा मान असायचा. आदल्या दिवशी ज्योतीराम मला उलटी करून एकेक आरा पुसायचा. कारखान्यात मशीनला हार, घरी मला हार. त्या दिवशी मला कुणी दामटायचं नाही. हळदीकुंकू लावून नुसती दारात उभी. शेजारणी म्हणायच्या, "कौशल्याबाई, तुमची सायकल नवरीसारखी दिसती." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. मानी बाईने तसंच करायचं असतं.

मग घरात मोटरसायकल आली. गणराज चाकणला एका कंपनीत लागला. तिथे तो तयार माल तपासतो. ज्योतीराम निवृत्त झाला, आणि काही वर्षांनी गेला. पत्र्याच्या खोलीची इमारत झाली आणि मी जिन्याखाली गेले. कुणी माझ्यावर पायपुसणी वाळत घातली, कुणी हँडलला कांद्याची पिशवी टांगली. खंडेनवमीचा हार मोटरसायकलला. उरलेलं एक झेंडूचं फूल कौशल्याबाई माझ्या कॅरिअरमध्ये खोचायची आणि वर जायची. माझे टायर भेगाळले, हवा गेली. मी रिमवरच टेकून राहिले.

या वर्षी गणराजच्या मुलीला, दिपालीला, चाकणमध्ये ट्रेनी म्हणून घेतलं. तिची पहिली नोकरी. कंपनीची बस भल्या पहाटे काळेवाडी फाट्यावर येते आणि कुणासाठी थांबत नाही. गणराजची रात्रपाळी त्यानंतर सुटते, त्यामुळे तो सोडायला घरी नसतो. त्या वेळी रिक्षाचा भरवसा नाही. पहिल्याच आठवड्यात दिपालीची बस चुकली. साहेबाने सांगितलं, पुन्हा चुकली तर येऊ नको.

संध्याकाळी ती जिन्याखाली आली. आजोबांसारखीच उंच आहे. तिने माझ्यावर पाय टाकून पाहिला, टेकला. "आज्जी, आजोबांची सायकल मला बरोब्बर बसती की. फक्त टायर पाहिजेत."

"मग तुझ्या बापाला सांग," कौशल्याबाई म्हणाली. तिने माझ्या हँडलची कांद्याची पिशवी काढून घेतली.

गणराजने मोबाइलवर अठ्ठावीसचे टायर मागवले. टायर आले, त्यावर ठळक अठ्ठावीस लिहिलेलं होतं. पण ते आताच्या गिअरच्या सायकलींचे. तेही अठ्ठावीस आणि मीही अठ्ठावीस, पण कासाराकडे जाऊन पाहा. दोन बांगड्या बाहेरून सारख्या दिसतात, पण हातात जाते ती आतल्या मापाची. टायरचंही तसंच आहे. बाहेरचं अठ्ठावीस नुसतं सांगायला असतं. काठातली तार रिमवर जिथे बसते, ते माप खरं.

गणराजने आधी अंगठ्याने रेटलं. मग पेचकस आणला. मग आईचं उलथनं.

"गणा, ते भाकरीचं हाय."

"धुऊन देतो, आई."

उलथनं वाकलं, ट्यूब चिमटली, टायरची तार पिळवटली. घाम पुसत गणराज म्हणाला, "हिची रिमच फुगलीय. जुना लोखंडी माल."

रिम फुगली म्हणे. मी काय पुरी आहे?

दुसऱ्या दिवशी त्याने भंगारवाल्याकडून सव्वीसची जाड चाकं आणली आणि माझ्यात बसवली. मित्रांनो, मला माझीच लाज वाटली. टायर फोर्कला, म्हणजे चाक धरणाऱ्या चिमट्याला, घासत होता. मी बुटकी झाले, वळताना पायडल जमिनीला लागायचं. आणि माझे ब्रेक सळ्यांचे. ते दाबले की रबरं रिमला आतून भिडतात. आता रिम लहान आणि रबरं लांब, अधांतरी. दिपाली म्हणालीच, "पप्पा, ब्रेक लागत नाहीत."

"सावकाश चालव. पाय टेकून थांबायचं. नंतर बघू."

दिपालीने गल्लीत फेरी मारली. उतारावर समोरून पाण्याचा टँकर वळला. तिने ब्रेक दाबला. मी सगळा जीव एकवटला, पण माझ्या हातात काहीच नव्हतं. पोरीने पाय घासले, मला भिंतीवर घातलं. तिचं कोपर सोलपटलं. टँकर हातभर अंतरावरून गेला.

कौशल्याबाईने जिन्यातच तिच्या कोपराला हळद दाबली. गणराज बाजूला उभा. "दवाखान्यात जायचं का?" त्याने विचारलं.

"तुला न्यायला पाहिजे," कौशल्याबाई म्हणाली. "कंपनीत माल असाच पास करतूस व्हय? नंतर बघू म्हणून?"

"तिथं केसाएवढा फरक आला तरी लाइन थांबवतो मी."

"मग इथं काय झालतं?"

गणराज पायरीवर बसला. मग माझा जुना भेगाळलेला टायर ओढून त्याने ओल्या फडक्याने घासला. काठाजवळ बारीक आकडा निघाला, सहाशे पस्तीस. विकत आणलेल्यावर सहाशे बावीस. "तेरा मिलिमीटर," तो पुटपुटला, आणि त्याचे कान लाल झाले.

जुना टायर खांद्याला अडकवून तो पिंपरीला गेला. तसाच नवा मिळेपर्यंत दुकानं फिरला. माझी मूळ चाकं त्याने परत बसवली. टायर नुसत्या अंगठ्याने रिमवर बसला, उलथन्याची गरज पडली नाही. ब्रेकची रबरं बदलली, चेनला तेल दिलं. पहाटे दिपाली माझ्यावर बसून फाट्यावर गेली, आणि बस यायच्या आधी पोचली. तो पूल नाही, ती सायकलींची नदी नाही, पण रस्त्यावर माझ्या चेनचा आवाज पूर्वीचाच होता.

मित्रांनो, तुमच्या जिन्याखाली कुणी उभी असेल तर तिला पुसा, हवा भरा, आणि काही आणण्याआधी तिच्या अंगावरचा बारीक आकडा वाचा. म्हाताऱ्या गोष्टींना दया नको असते, माप हवं असतं.

काल गणराज माझ्यासमोर पंप घेऊन बसला. हवा भरता भरता त्याने माझ्या दांडीवर हात ठेवला, त्याच्या बापासारखा. मऊ पडायची वेळ होती, पण मी पडले नाही. मी त्याला तोंडावर सांगितलं, त्याला ऐकू गेलं असेल नसेल:

"गणराज, तू कामाला वाईट नाहीस, घरच्या कामाला वाईट आहेस. कंपनीचा माल कुठल्या परक्याच्या दारात जातो, तो तू दहादा मोजतोस. माझ्यावर तर तुझी लेक बसते."